उणे दहाची बॅग आणि डोंगरातली रात्र

दिवाळी सरली की ट्रेकर मंडळींच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "डिसेंबरात केदारकंठाला चाललोय, उणे दहाची स्लीपिंग बॅग पुरेल ना?" उत्तरंही धडाधड येतात. कुणी म्हणतं आरामात पुरेल, कुणी म्हणतं उणे वीसचीच घे, कुणी रमची बाटली सुचवतो. विचारणारा गोंधळतो आणि शेवटी दुकानदार जी काढून देईल ती घेऊन येतो. मला याची काळजी वाटते, कारण उंचावर रात्रभर कुडकुडलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला शिखराच्या चढाईला निघतो तेव्हा त्याचे पाय आणि डोकं दोन्ही थकलेलं असतं. अशा वेळी बर्फाच्या उतारावर एक पाऊल चुकलं तरी भारी पडतं.

मुळात स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही. ऊब आपलं शरीर तयार करतं आणि बॅग ती निसटू देत नाही. तेही काम खरं तर आत कोंडलेल्या हवेचं असतं. पिसं किंवा सिंथेटिक तंतू त्या हवेला जागेवर धरून ठेवतात, एवढंच. बॅगेविषयीचे बहुतेक गैरसमज ही गोष्ट नजरेआड झाल्यामुळेच पसरलेले आहेत.

गैरसमज: बॅगेवर उणे दहा लिहिलंय, म्हणजे उणे दहात शांत झोप लागेल

आधी विचारा, कुठला उणे दहा? चांगल्या बॅगेच्या आत शिवलेलं लेबल उलटून बघा. त्यावर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. युरोपात 2002 साली ईएन 13537 हे मानक आलं आणि पुढे त्याची जागा आयएसओ 23537 ने घेतली. त्यानुसार बॅगेची चाचणी प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत होते. आतून तापवता येणारा, अंगभर सेन्सर लावलेला माणसाच्या आकाराचा पुतळा बॅगेत झोपवतात आणि त्याची उष्णता किती वेगानं जाते ते मोजतात. त्यावरून तीन तापमानं काढतात. सरासरी बांध्याची स्त्री अंग सैल सोडून झोपली तरी तिला थंडी वाजणार नाही, ते कम्फर्ट. सरासरी पुरुष पाय पोटाशी घेऊन, मुटकुळं करून झोपला तर त्याची रात्र जेमतेम निभेल, ते लिमिट. आणि जिथे झोपेचा प्रश्नच उरत नाही, साधारण सहा तास जीव तगेल पण शरीराचं तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं, ते एक्स्ट्रीम.

या आकड्यांमध्ये अंतर किती असतं? कम्फर्ट शून्य असलेल्या बॅगेचं लिमिट उणे पाच-सहाच्या आसपास येतं आणि एक्स्ट्रीम उणे वीसच्याही खाली जातं. आता तीच बॅग पिशवीवर ठळक अक्षरांत 'उणे वीस' छापून विकता येते. आकडा खोटा नसतो, पण घेणाऱ्याला त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. या प्रकाराची मला मनापासून चीड येते. पहिल्यांदाच हिमालयात निघालेली कॉलेजची मुलं या आकड्यावर विसंबतात.

म्हणून बॅग निवडायची ती कम्फर्टच्या आकड्यावर. बायकांनी, सडपातळ माणसांनी आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी तर लिमिटकडे बघूच नये. शिवाय चाचणीतल्या पुतळ्याच्या अंगात थर्मल असतात, पायात मोजे असतात, डोक्यावर बॅगेची टोपी ओढलेली असते आणि खाली चांगली मॅट असते. तो दिवसभर चाललेला नसतो, उपाशी नसतो आणि त्याचे कपडे घामानं ओले नसतात. आपण यातलं बरंच काही असतो. तेव्हा जिथे मुक्काम आहे तिथलं रात्रीचं नीचांकी तापमान धरा आणि त्याहून चार-पाच अंश खालचा कम्फर्ट घ्या. लेबलवर तीन आकडे नसून एकच असेल तर तो कम्फर्ट आहे का हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर ती बॅग उंचावर नेऊ नका.

गैरसमज: बॅग चांगली असली की खाली काहीही चालतं

बॅगेत उताणं झोपा आणि कंबरेखाली हात घालून बघा. वर जी बॅग चार बोटं फुगलेली आहे, तीच खाली कापडाच्या दोन थरांइतकी चपटी झालेली असते. आपल्या वजनानं तिच्यातली हवा निघून जाते आणि हवा गेली की अडवणारं काही उरत नाही. कातळ, ओली माती किंवा बर्फ रात्रभर पाठीतून उष्णता ओढत राहतात. बॅग उणे वीसची असली तरी पाठीखाली ती चादरच असते.

खालची बाजू सांभाळते ती मॅट. मॅट उष्णता किती अडवते ते आर-व्हॅल्यूवरून कळतं. आकडा जितका मोठा तितकी चांगली. आपण सॅकला बाहेरून बांधतो त्या फोमच्या कॅरीमॅटची आर-व्हॅल्यू जाडीप्रमाणे एक ते दोनच्या आसपास असते. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला ती पुरते. बर्फावर झोपायचं तर पाच किंवा त्याहून जास्त हवी. सोय अशी की दोन मॅट एकावर एक टाकल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. हिमालयात आयोजकांनी तंबूत एक मॅट दिलेली असली तरी घरची फोम मॅट सोबत न्या. वजन नगण्य, शिवाय हवेच्या मॅटसारखी ती फुटत नाही. खिशात पैसे मोजकेच असतील तर आधी चांगली मॅट घ्या आणि उरलेल्या पैशांत बॅग बसवा. दुकानात बहुतेक जण नेमकं उलट करतात.

गैरसमज: डाउन म्हणजे सर्वांत उत्तम, आणि 800 फिल पॉवर म्हणजे सर्वांत गरम

बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाजवळची मऊ पिसं, म्हणजे डाउन, वजनाच्या मानानं ऊब धरण्यात अजूनही सरस आहेत, यात शंका नाही. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंचनं बलूनच्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून कोट शिवून घेतला होता. लोकरी आणि ट्वीडमधल्या सोबत्यांना तो विचित्र वाटला, पण वाऱ्यात त्याचा गुण दिसला. आजचा प्रत्येक डाउन जॅकेटवाला त्याच वाटेनं चालला आहे.

पण फिल पॉवर हा पिसांचा दर्जा सांगणारा आकडा आहे. एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम पिसं किती घन इंच जागा व्यापतात, ते त्यातून कळतं. बॅगेत पिसं किती भरली आहेत, हे त्यातून कळत नाही. 800 फिल पॉवरची 300 ग्रॅम पिसं आणि 550 ची 600 ग्रॅम पिसं यांचा गुणाकार करून बघा. दुसऱ्या बॅगेत हवा जास्त कोंडली जाते. ती जड असेल, पण उबदारही असेल. म्हणून फिल पॉवरच्या शेजारी भरलेल्या पिसांचं वजन लिहिलेलं आहे का ते बघा.

डाउनचं खरं वैर पाण्याशी आहे. भिजलेली पिसं एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि ऊब संपते. सिंथेटिक बॅग जड असते, सॅकमध्ये जास्त जागा खाते, पण ओलीतही तिचा फुगीरपणा बराचसा टिकतो आणि ती लवकर वाळते. ज्यांना प्राण्यांची पिसं वापरायची नाहीत त्यांनीही बिनदिक्कत सिंथेटिक घ्यावी. लडाख-स्पितीत पाठीवर थोडं जास्त ओझं होईल, झोपेत काही उणं पडणार नाही.

गैरसमज: ऐसपैस बॅग बरी, आणि कपडे काढून झोपलं की जास्त ऊब मिळते

बॅगेतली रिकामी जागा आपल्यालाच तापवावी लागते. पायाकडे निमुळती होत जाणारी, डोक्यावर टोपी असलेली ममी बॅग म्हणूनच थंडीत कामाची. मात्र ती इतकीही आवळ नको की खांदे आणि गुडघे आतून कापड ताणतील. ताणलं की तिथली हवा दबते. दुकानात बॅगेत शिरून, चेन गळ्यापर्यंत लावून, कुशीवर वळून बघायला लाजू नका. गळ्याशी आतून फुगीर पट्टी आहे का आणि चेनीच्या मागे तशीच नळी आहे का, हेही तेव्हाच बघा. या दोन गोष्टी नसल्या तर कूस बदलताना भात्यातून निघावी तशी गरम हवा निघून जाते.

कपड्यांचं म्हणाल तर कोरडे थर्मल आणि कोरडे मोजे घालून झोपणं केव्हाही चांगलं. दिवसभराच्या घामट कपड्यांनिशी आत शिरलं की ती ओल वाळवण्यात शरीराची उष्णता खर्च होते. बहुधा अशाच एखाद्या रात्री कुणीतरी कपडे काढले, त्याला बरं वाटलं आणि समज पसरला. उलट जाड जॅकेट घालून बॅगेत कोंबून घेतलं तर आतला थर दबतो. जॅकेट वरून पांघरा किंवा पायाशी ठेवा.

झोपण्याआधीच्या आणखी काही समजुती

डोक्यातून चाळीस-पंचेचाळीस टक्के उष्णता जाते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. अमेरिकी सैन्याच्या जुन्या हस्तपुस्तिकेत हे होतं, आणि ते उघडं डोकं सोडून बाकी अंग झाकलेल्या माणसांवरच्या निरीक्षणातून आल्याचं मानतात. 2008 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये रेचल व्रीमन आणि आरन कॅरल यांनी हा समज खोडून काढला. डोकं इतर अवयवांपेक्षा काही वेगळं वागत नाही. पण बॅगेत शिरल्यावर उघडं राहतं ते डोकंच, म्हणून कानटोपी हवीच.

थंडी वाजते म्हणून तोंड आत घेऊन झोपू नका. श्वासातली वाफ बॅगेत जिरते आणि दोन-तीन रात्रींत बॅग दमट होते. नाक-तोंड बाहेर ठेवा, गळ्यावर बफ ओढा.

रमनं ऊब येते हा समज मात्र जीवघेणा आहे. दारूनं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला गरम वाटतं आणि नेमकी तेव्हाच आतली उष्णता बाहेर जात असते. त्याऐवजी पोटभर गरम जेवा, झोपण्याआधी लघवीला जाऊन या आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, तिच्यावर मोजा चढवून ती पायाशी घ्या.

आणि चार हजार मीटरच्या वर झोप लागत नसेल, श्वास अडखळून जाग येत असेल, तर दोष बॅगेचा असेलच असं नाही. विरळ हवेत हे होतं. डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर आणखी एक पांघरूण मागण्याआधी लीडरला उठवून सांगा.

गैरसमज: हिमालयाची बॅग घेतली की सह्याद्रीही निभतो

हिमालयासाठी घेतलेली दीड-दोन किलोची बॅग घेऊन माणसं हरिश्चंद्रगडावर जातात आणि रात्रभर चेन उघडी टाकून घामाघूम होतात. 1,424 मीटर उंचीच्या या गडावर हिवाळ्यात गारठा असतो, कोकणकड्यावर वारा झोंबतो, पण तिथे दहा अंशांच्या आसपास कम्फर्ट असलेली हलकी बॅग आणि एक फोम मॅट पुरते. फारच थंडी पडली तर आत जुन्या मऊ सुती साडीची घडी किंवा लोकरीची शाल घ्या. उन्हाळ्यात तर नुसती साडीची घडीच पुरे. पावसाळ्यात डाउन घरीच राहू द्या; गुहेच्या भिंतींना पाणी सुटलेलं असतं आणि धुकं थेट आत येतं. तेव्हा सिंथेटिकच, तीही जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

मुक्कामाची जागाही तितकीच महत्त्वाची. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे गणित बरोबर आहे, पण रात्री ते फसवतं. महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागातून. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन खाली साचते. तंबू ओढ्याकाठच्या खोलगट मैदानात लावण्याऐवजी थोडा वर, झाडांच्या आडोशाला लावला तर काही अंशांचा फरक फुकटात मिळतो.

गैरसमज: बॅग पिशवीत कोंबून ठेवली की सुरक्षित राहते

कोंबायची ती फक्त प्रवासात. वर्षभर आवळून माळ्यावर टाकलेल्या बॅगेतली पिसं आणि तंतू पुन्हा पूर्ण फुलत नाहीत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुरशीचा वास धरतो तो वेगळाच. घरी आल्यावर सावलीत, वाऱ्यावर वाळवा आणि मोठ्या सुती पिशवीत सैल भरून कपाटात ठेवा. डाउन धुवायची वेळ आली तर त्यासाठीचा खास साबण वापरा आणि पूर्ण कोरडी होईपर्यंत गोळे हातानं मोडत राहा. ड्रायक्लीनला देऊ नका.

गैरसमज: स्वतःची बॅग नसली तर हिमालयात जाऊ नये

वर्षातून एकदा, तेही एखाद्या वर्षी जाणाऱ्यानं महागडी बॅग घ्यावी असं मला वाटत नाही. सांक्री, मनाली, लेह, काठमांडूचं थामेल, सगळीकडे बॅगा भाड्यानं मिळतात. फक्त ताब्यात घेताना घाई करू नका. बॅग पिशवीतून काढून झटका, दहा मिनिटं पसरून ठेवा आणि मग बघा किती फुगते. उजेडासमोर धरा, शिवणीच्या कप्प्यांमध्ये रिकामे, पारदर्शक डाग दिसले तर तिथून थंडी येणार. चेन दोन्ही टोकांपर्यंत चालवून पाहा. आत शिरायला स्वतःचं सुती किंवा रेशमी अस्तर न्या, स्वच्छतेसाठी तर हवंच. आणि बॅग कमी वाटली तर दुसरी खाली गावातच मागा. केदारकंठाच्या वाटेवर जुडा का तालाबच्या बर्फात रात्री आठ वाजता लीडरकडे वाटायला जादा बॅगा नसतात.