तबकडीमागचे दोन मिलिमीटर

जुन्या अतिपातळ घड्याळाची ओळख यंत्राच्या जाडीवरून पटते, केसच्या जाडीवरून नाही. चावीच्या साध्या मनगटी घड्याळाचे यंत्र तीन-चार मिलिमीटर जाड असते, कधी त्याहूनही जास्त. विसाव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या मोजक्या कारखान्यांनी ते दोन मिलिमीटर आणि त्याखाली आणले. सुरुवात खिशातल्या घड्याळापासून झाली. १९०७ मध्ये लकूल्त्रने १४५ क्रमांकाचे यंत्र काढले, त्याची जाडी फक्त १.३८ मिलिमीटर होती. मनगटावर हे जमायला मात्र वेळ लागला. मनगटी यंत्राचा व्यास लहान असतो आणि हाताचे धक्के त्याला सतत बसतात.

१९५५ मध्ये व्हॅशरॉन कॉन्स्टँटिन या घड्याळ-कंपनीला दोनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने त्यांनी १००३ हे चावीचे यंत्र आणले, जाडी १.६४ मिलिमीटर. आजचे दहा रुपयांचे नाणे याहून जाड भरेल. ओळखणाऱ्याची पहिली फसगत इथेच होते, कारण याच यंत्राचा कच्चा सांगाडा ओडेमार पिगेच्या २००३ क्रमांकाच्या यंत्रातही आहे आणि दोघांनाही तो जेजर-लकूल्त्रकडून मिळत होता. म्हणजे दोन प्रतिस्पर्धी नावांच्या घड्याळांची झाकणे उघडली तर आत सख्खी भावंडे निघतात. फरक पाहायचा तो पुलांवर, म्हणजे चाके धरणाऱ्या पट्ट्यांवर, कोरलेले नाव, क्रमांक आणि कडांचे घासकाम-पॉलिश यांत. जिनिव्हाचा सरकारी शिक्का त्याच कँटनमध्ये जुळवलेल्या यंत्राला मिळतो. ओडेमार पिगेचे गाव ल ब्रास्यू हे व्हो कँटनमध्ये येते, म्हणून त्यांच्या जुन्या यंत्रावर तो शिक्का दिसला तर शंका घ्यावी.

१९५७ मध्ये पियाजेने ९पी आणले, बरोबर दोन मिलिमीटरचे. १९६० मध्ये त्यांचे १२पी आले. हे ऑटोमॅटिक असूनही २.३ मिलिमीटरचे होते, कारण त्याचे फिरते वजन यंत्राच्या वर न ठेवता यंत्राच्या पातळीतच एका बाजूला बसवले होते. मधोमध फिरणाऱ्या वजनाचे त्या काळातले सर्वांत पातळ ऑटोमॅटिक मात्र १९६७ चे. जेजर-लकूल्त्रने ९२० या क्रमांकाखाली बनवलेले हे यंत्र २.४५ मिलिमीटरचे होते आणि त्याचे वजन चार माणकांच्या रुळांवर कडेने फिरत असे. ओडेमार पिगेने त्याला २१२० म्हटले, व्हॅशरॉनने ११२० आणि पाटेक फिलिपने २८-२५५. तारखेची जोड मिळालेले त्याचे रूप ओडेमार पिगेच्या १९७२ च्या रॉयल ओकमध्ये आणि पाटेकच्या १९७६ च्या नॉटिलसमध्ये गेले. ज्यांनी ते घडवले त्या जेजर-लकूल्त्रने स्वतःच्या घड्याळात ते कधी वापरलेच नाही.

महाराष्ट्रात हा माल मुंबईच्या वाटेने आला. फेवर-लुबाचा भारताशी व्यापार १८६५ पासूनचा, तर वेस्ट एंड वॉच कंपनीची मुंबईतली ओळख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची. वेस्ट एंडचे ‘सोवार’ हे नावच घोडेस्वार शिपायाचे, आणि घड्याळही त्याला शोभेल असे दणकट. लष्करी मनगटाची गरज निराळी होती. व्हॅशरॉनचे १००३ निघाले त्याच १९५५ च्या जानेवारीत खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले. तिथल्या कवायतीच्या मैदानावर दीड मिलिमीटरच्या यंत्राचा निभाव लागला नसता. धूळ, घाम आणि हिसके हे पातळ यंत्राचे शत्रू. अशा घड्याळाची जागा मेसमधल्या जेवणाच्या पोशाखात, शर्टाच्या कफाखाली.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. स्विस घड्याळ मग परदेशातून येणाऱ्या नातलगाकडून मिळे, नाहीतर चोरट्या मार्गाने. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात घड्याळे काढायला सुरुवात केली. जनता, पायलट आणि जवान या जोमदार भावंडांत ‘सोना’ हे सडपातळ चावीचे मॉडेल होते. स्विस अतिपातळाच्या पंक्तीत ते बसत नाही, पण मध्यमवर्गीय मनगटाला पातळ घड्याळाची चव लागली ती बरीचशी ‘सोना’मुळे. त्याच काळात फेवर-लुबाचे ‘ट्विन पॉवर’ यंत्रही इथे चालले. दोन बॅरलमध्ये वाटलेली स्प्रिंग आणि जेमतेम तीन मिलिमीटर जाडी, असा तो मध्यममार्ग होता.

टंचाईच्या या वर्षांनी दुरुस्तीची जबरदस्त परंपरा घडवली आणि तिच्याच पोटातून आजची मोठी डोकेदुखी निघाली. घासलेली तबकडी नव्याने रंगवायची, एका घड्याळाचे यंत्र दुसऱ्याच्या केसमध्ये घालायचे, वर तिसऱ्याचे काटे लावायचे, असा माल जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखला जातो. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात असली घड्याळे हमखास भेटतात. भडक निळी किंवा केशरी तबकडी, जाडसर उमटलेली अक्षरे, खुणेच्या रेघांना न भिडणारा मिनिटकाटा ही लक्षणे भिंगाखाली लपत नाहीत. मूळ तबकडीवरची अक्षरे बारीक आणि सारख्या जाडीची असतात, रंगवलेल्या तबकडीवर त्यांच्या कडा फुगलेल्या दिसतात.

पातळ घड्याळ तपासताना आधी काटे मोजावेत. सेकंदकाट्याला जास्तीची उंची लागते, म्हणून १००३ किंवा ९पी असलेल्या घड्याळांत बहुधा तास आणि मिनिट एवढेच काटे असतात. तारखेची खिडकीही नसते. सोन्याच्या स्विस केसवर आतल्या बाजूस छाप पाहावा. १९९५ पूर्वीच्या १८ कॅरटला हेल्व्हेशिया या स्त्रीचे मस्तक, १४ कॅरटला खार आणि त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचे मस्तक. झाकण उघडणे घड्याळजीकडेच सोपवावे. यंत्र आणि झाकण यांच्यात जागा इतकी कमी असते की चुकीच्या पात्याने दाब दिला तर पूल वाकतो आणि बॅलन्स अडकतो. यंत्र उघडे झाले की व्हर्नियरने जाडी मोजता येते. कोरलेले नाव खरे की खोटे याचा निकाल तो आकडा बहुतेक वेळा लावून टाकतो.

सत्तरच्या दशकात पातळपणाची स्पर्धा टोकाला गेली. १९७६ च्या जाँ लासालच्या १२०० या यंत्राची जाडी १.२ मिलिमीटर होती. त्यात चाकांना खालचा आधारच नव्हता, ती बॉल-बेअरिंगवर एका बाजूने टांगलेली असत. दुरुस्ती इतकी अवघड की पुष्कळदा सबंध यंत्रच बदलावे लागे. १९७९ मध्ये कॉनकॉर्डच्या डेलिरियमने क्वार्ट्झ यंत्र केसच्या पाठीवरच बांधले आणि अख्खे घड्याळ १.९८ मिलिमीटरवर आणले. भारतात ही वाट टायटनने धरली. २००२ च्या ‘एज’मधले क्वार्ट्झ यंत्र १.१५ मिलिमीटरचे आणि पूर्ण घड्याळ ३.५ मिलिमीटरचे आहे. ‘एज’ची तुलना पियाजेशी करणे गैर आहे, पण होसूरच्या अभियंत्यांनी पातळपणाचा प्रश्न स्वतः सोडवला, ही त्यातली मोलाची गोष्ट.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि ‘सोना’सारख्या मॉडेलांचे सुटे भाग मोडीत निघालेल्या घड्याळांतूनच मिळू लागले. त्यामुळे दुरुस्त झालेल्या जुन्या घड्याळाची नोंद करताना केस, यंत्र आणि तबकडी यांच्यावरच्या खुणा वेगवेगळ्या उतरवून ठेवाव्या लागतात.