थंडी, बॅटरी आणि रोजाचे भाडे

विदर्भ म्हटला की लोकांना ऊन आठवते. परंतु डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचा पारा पुष्कळदा ८ ते १० अंश सेल्सियसपर्यंत उतरतो. या दिवसांत ई-रिक्षा चालवणाऱ्या बांधवांचे एकच गाऱ्हाणे असते : गाडी रात्रभर चार्ज केली, तरी दिवस पुरा होत नाही. मालक म्हणतो, चालकाने गाडी दामटली. चालक म्हणतो, बॅटरी खोटी आहे. उभयतांनी आधी थोडे रसायनशास्त्र पाहावे, अशी आमची विनंती आहे.

शिसे व गंधकाम्ल यांवर चालणाऱ्या ई-रिक्षांत सामान्यतः १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडलेल्या असतात. त्यांत वीज माठातल्या पाण्यासारखी साठलेली नसते; शिसे आणि आम्ल यांच्या संयोगातून ती त्या त्या वेळी निर्माण होते. थंडीत हा संयोग मंदावतो आणि आतला रोध वाढतो. मग चार उतारू बसवून चढ चढताना व्होल्ट एकदम घसरतात, आणि थोडी वीज शिल्लक असतानाच कंट्रोलर गाडी थांबवतो. २५ अंशांखाली दर अंशाला साधारण अर्धा ते एक टक्का क्षमता घटते. बॅटरी १० अंशांवर असेल, तर एरवी ८० किलोमीटर जाणारी गाडी ६८ ते ७४ किलोमीटरांतच दमते.

लिथियम बॅटरीलाही थंडी बाधते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली पाच विजेच्या मोटारी तपासल्या. उणे ७ अंशांच्या सुमारास त्यांची मजल सरासरी १२ टक्के घटली. आतला हीटर लावताच घट ४१ टक्क्यांवर गेली. पेट्रोल इंजिनाची वाया जाणारी उष्णता उतारूंना फुकट ऊब देते. विजेच्या गाडीला तीही बॅटरीतूनच द्यावी लागते. आमच्या रिक्षेला हीटर नाही, म्हणून तो खर्च आमच्या वाट्याला येत नाही, इतकेच.

परंतु खरे नुकसान पुढे आहे. थंड बॅटरी पूर्ण भरण्यास चार्जरचे व्होल्ट थोडे अधिक लागतात. चार बॅटऱ्यांत मिळून २४ कप्पे. प्रत्येकास दर अंशामागे सुमारे ४ मिलिव्होल्ट धरले, तर १५ अंशांच्या घसरणीस जवळजवळ दीड व्होल्ट होतात. साधा चार्जर हे जाणत नाही. बॅटरी रोज अर्धपोटी राहते, पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो, आणि हिवाळ्यातली तात्पुरती घट कायमची होते.

उपाय साधे आहेत. गाडी वाऱ्याच्या आडोशास लावावी. चार्जिंग पहाटे निघण्याच्या सुमारास संपेल असे पाहावे, म्हणजे बॅटरी कोमट असतानाच गाडी रस्त्यावर येते. चाकांतील हवा तपासावी, कारण थंडीत तिचा दाब उतरतो. तापमान ओळखून व्होल्ट बदलणारा चार्जर घ्यावा. मात्र चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो. म्हणून बंद खोलीत चार्जिंग करू नये आणि जवळ शेकोटी तर मुळीच पेटवू नये.

आता प्रश्न उरतो तो भाड्याचा. दुसऱ्याची गाडी ठरावीक रोजाने चालवणारा चालक मे महिन्यात देतो तेवढेच भाडे जानेवारीतही देतो. थंडीने कापलेले किलोमीटर मात्र त्याच्या एकट्याच्या कमाईतून जातात. बॅटरी आणि चार्जर मालकाचे, तेव्हा त्यांच्या उणिवेचा वाटाही मालकाने उचलला पाहिजे. हिवाळ्याचे भाडे वेगळे ठरवा, ही मागणी दयेची नाही. वर मांडलेल्या हिशेबाचीच ती शेवटची ओळ आहे.