चौकोनी लहरीचा तंबोरा

राजापूर तालुक्यातील एका वाचकाने या पुरवणीकडे जी पृच्छा केली आहे ती वरकरणी क्षुल्लक भासली, तरी नादशास्त्राच्या गाभ्याला जाऊन भिडणारी आहे. वाडीतील भजनी मंडळाकरिता त्यांनी घरच्या घरी विजेचा तंबोरा तयार केला. बुवांची पट्टी काळी एक, तिच्याशी यंत्राचा षड्ज मोबाइलवरील ट्यूनर लावून तंतोतंत जुळविला. पंचमही बिनचूक लाविला. आणि इतके सारे यथासांग होऊनही बुवांनी थोडा वेळ ऐकून 'सूर बरोबर हाय, पन ह्यात जीव नाय' असा निकाल देऊन यंत्र बंद करावयास लाविले. सूर बरोबर असूनही जो उणा राहिला तो जीव मोजता येण्याजोगा काही पदार्थ आहे, की तो बुवांच्या कानाचा केवळ पूर्वग्रह, असा त्यांचा सवाल आहे. बुवांच्या बाजूने निकाल देण्याइतका पुरावा विज्ञानाच्या दप्तरी शंभर वर्षांपासून पडून आहे. मात्र तो मांडण्यापूर्वी यंत्राची कैफियत ऐकून घेणे न्यायाचे होईल.

वाचकांनी पाठविलेल्या आकृतीत मुख्य पात्र आहे ते ५५५ या नावाने सर्व छांदिष्टांना ठाऊक असलेल्या, हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेल्या, आणि आजही चहाच्या कपाच्या किमतीत मिळणाऱ्या चिपचे. एक कपॅसिटर भरत जातो, पुरवठ्याच्या दोनतृतीयांश दाबाला पोहोचताच चिप त्याला रिता करू लागते, एकतृतीयांशावर येताच पुन्हा भरू लागते, आणि या अखंड भरतीओहोटीबरोबर चिपचे तोंड उघडे की मिटलेले एवढ्या दोनच अवस्थांत आलटूनपालटून राहते. एक आणि साडेएक्कावन्न किलोओहमचे दोन रोध व ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, की सेकंदाला सुमारे १३८ आवर्तने होतात, म्हणजे काळी एकचा षड्ज हाती येतो. बॅटरी उतरत चालली तरी दोन्ही सीमा तिच्याच प्रमाणात उतरत असल्याने सूर फारसा ढळत नाही. या एका युक्तीबद्दल कामेनझिंड यांना शंभर अपराध माफ करावेत.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हा छंद करणाऱ्यास खरा उपद्रव बॅटरीचा नसून हवेचा होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोरा करकरीत आणलेला तांब्याचा पत्रा आषाढ-श्रावणात मिऱ्याच्या बाजूच्या एखाद्या घरात उघडा राहिला, तर त्याच्या रेघांवर हिरवा कळंक चढतो. सूर लावावयाच्या प्रीसेटची कार्बनची पट्टी दमट होऊन फिरविताना खरखरते. आणि तबकडीच्या आकाराचा स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर तर तापमानाशी इतके संधान बांधून असतो, की दुपारी लावलेला षड्ज आरतीच्या वेळेपर्यंत आपली जागा सोडून गेलेला असतो. डाख देऊन झाल्यावर पत्र्याची पाठ स्पिरिटने स्वच्छ पुसावी, स्पिरिटमध्येच विरघळविलेल्या चपड्याचा पातळ हात तिच्यावर द्यावा, आणि सिरॅमिकच्या जागी पॉलिस्टरचा कपॅसिटर घालावा, म्हणजे निम्म्या तक्रारी परस्पर निकालात निघतात. बुवांची तक्रार मात्र या निम्म्यांत येत नाही.

उघडे-मिटलेले एवढेच जाणणाऱ्या या चिपमधून जी लहर निघते ती आलेखावर चौकोनी दिसते, आणि अशा लहरीत मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम कंपनसंख्यांचेच उपस्वर उतरत्या मात्रेने असतात. हे मिश्रण पहिल्या क्षणी जसे असते तसेच तासाभरानेही असते. आता, असली लहर निसर्गतःच निर्जीव आणि संगीताला निरुपयोगी, असे जर कोणी म्हणू लागला तर त्याला तत्काळ हरकत घ्यावी लागेल. कारण याच जातीच्या लहरीने एके काळी साऱ्या हिंदुस्थानाला डोलावयास लाविले होते.

१९५४ साली आलेल्या 'नागिन' चित्रपटातील बीन ही गारुड्याची पुंगी नव्हती, ही हकिकत आता बहुश्रुतांना ठाऊक आहे. तरी ती पुन्हा सांगण्याचा मोह आवरत नाही. संगीतकार हेमंतकुमार, परंतु ती बीन वाजविली गिरगावात वाढलेल्या कल्याणजी वीरजी शहा यांनी, क्लॅव्हिओलीन नामक विजेच्या वाद्यावर, आणि तिला साथ दिली रवी यांच्या बाजाच्या पेटीने, हे दोघेही पुढे स्वतंत्र संगीतकार म्हणून नावारूपास आले. क्लॅव्हिओलीन हे फ्रान्समधील कॉन्स्टां मार्तां यांनी १९४७ च्या सुमारास रचलेले, एका वेळी एकच स्वर काढणारे, निर्वात नळ्यांवर चालणारे वाद्य होते, आणि त्याच्या पोटातील स्वरजनकाचे तत्त्व आमच्या वाचकांच्या ५५५ हून फारसे निराळे नव्हते: इकडून तिकडे कोलांट्या मारणारे सर्किट, आणि त्यातून निघणारी धारदार कोपऱ्यांची लहर. आकाशवाणीवरून बाजाची पेटी १९४० पासूनच हद्दपार होती, आणि १९५२ पासून नभोवाणी खात्याचे मंत्री असलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या अमदानीत चित्रपटगीतांचीही जवळजवळ तीच गत झालेली होती. सबब विजेची बीन आणि बाजाची पेटी यांची ही दुहेरी अपराधी जोडी रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवरून समुद्र ओलांडून घराघरांत शिरली, हा त्या काळच्या सरकारी रसिकतेवर नियतीने केलेला एक खुमासदार विनोदच म्हणावयाचा.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो, की ज्या लहरीने बीन हुबेहूब उठविली, तिनेच तंबोऱ्याचे सोंग घेतले असता बुवांसारखा जाणता क्षणात ते का ओळखतो? उत्तर लहरीत नसून नक्कल करावयाच्या वाद्यात आहे. पुंगीवाला गालांत हवा साठवून, श्वास घेतानाही फुंक तुटू न देता नाद अखंड चालू ठेवतो. पुंगीतील पात एकसारखी फडफडत राहते. म्हणून पुंगीचा मूळ आवाजच स्थिर, कर्कश आणि सानुनासिक असतो, आणि जे काही लालित्य यावयाचे ते बोटांच्या हालचालींतून येते. कल्याणजींची बोटे आणि आवाज लहानमोठा करण्यासाठी क्लॅव्हिओलीनला असलेली गुडघ्याची कळ यांनी ते पुरविले. तंबोऱ्याची गोष्ट नेमकी उलट आहे. तो वाजविणाऱ्याची बोटे काहीच लालित्य करीत नाहीत. पंचम, जोड, जोड, खरज एवढी फेरी ती शांतपणे पुरी करतात, आणि सारी हालचाल तारेच्या आत, छेडल्यानंतर, आपोआप घडत असते.

ती कशी घडते याचा छडा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लाविला, आणि दरवर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून त्यांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या आपल्या विज्ञानप्रेमी समाजाला त्याची गंधवार्ताही नसावी, याचा विषाद वाटतो. प्रकाशाच्या विकिरणाचा तो जगप्रसिद्ध शोध १९२८ चा; परंतु त्यापूर्वीची कित्येक वर्षे रामन यांचे चित्त नादाने व्यापले होते. सरकारच्या हिशेबखात्यात बडे अंमलदार म्हणून दिवसा फायली तपासावयाच्या आणि कचेरीपूर्वी व कचेरीनंतर कलकत्त्याच्या बहूबाजार रस्त्यावरील विज्ञानसंस्थेत जाऊन तारा आणि पडदे छेडावयाचे, असा क्रम त्यांनी १९१७ साली नोकरीचा राजीनामा देऊन विद्यापीठाचे प्राध्यापकपद स्वीकारीपर्यंत चालविला. पत्नी लोकसुंदरी वीणावादनात निपुण. हेल्महोल्ट्झचा नादविषयक ग्रंथ तर ते विद्यार्थिदशेपासून उराशी बाळगून होते. मृदंग आणि तबला यांच्या शाईचे गणित त्यांनी १९२० साली सहकाऱ्यासह 'नेचर'मध्ये मांडले, आणि पुढच्याच वर्षी तंबोरा व वीणा यांच्या घोडीवर एक अगदी आटोपशीर निबंध प्रसिद्ध केला. १९२७ साली जर्मन पदार्थविज्ञानकोशातील वाद्यांवरचे प्रकरण लिहिण्यास जर्मनीबाहेरच्या या विद्वानाला पाचारण झाले, ते या कामगिरीच्या बळावर.

निबंधातील मुद्दा असा. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू पडतो तो उपस्वर त्या छेडीत उपजूच शकत नाही, असा नियम थॉमस यंग यांनी घालून दिलेला होता, आणि युरोपातील वाद्यांना तो बिनतक्रार लागू पडे. गिटारची तार बरोबर मध्यावर छेडून लगेच त्याच मध्यबिंदूला बोट हलकेच टेकवावे: मूळ स्वर आणि सारे विषम उपस्वर बोटाने दबतात, सम उपस्वर मुळात जन्मलेलेच नसतात, आणि तार मुकी होते. हाच प्रयोग जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकण्याची घडण, नीट लावलेल्या तंबोऱ्यावर करावा. बोट टेकवल्यावरही वरचा षड्ज खणखणीत वाजत राहतो. जो उपस्वर कायद्याने नामंजूर, तोच दरबारात मानाने बसलेला! रामन यांनी याचे कारण घोडीच्या आकारात शोधले. युरोपीय वाद्याची तार एका तीक्ष्ण कडेवर संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असून तार तिच्या पाठीवर अगदी ओझरती पहुडलेली असते. तार खाली येते तेव्हा ती घोडीला बिलगून आखूड होते, वर जाते तेव्हा सुटून लांब होते, आणि प्रत्येक आवर्तनातील या सूक्ष्म आघाताने खालच्या स्वरांतील शक्ती वरच्या उपस्वरांकडे पुनःपुन्हा वर्ग होत राहते. तारेखाली सरकविलेला सुताचा दोरा म्हणजे हा स्पर्श नेमका कोठे व्हावा याचे नियमन करणारी किल्ली. कंप जसजसा मंदावतो तसतसा स्पर्शही बदलतो, म्हणून उपस्वरांचा झोत एका जागी न राहता वरून खाली उतरत येतो. काही सेकंदांत तो विरतो न विरतो तोच बोट पुढच्या तारेवर पडलेले असते.

यावरून बुवांच्या कानाला काय खटकले ते स्पष्ट होईल. खरजाच्या तारेतून आपोआप उमटणारा जो गांधार गवयांना पूज्य वाटतो, तो म्हणजे त्या तारेचा पाचवा उपस्वर. आणि मौज अशी, की चौकोनी लहरीतही पाचवा उपस्वर चांगला ठसठशीत हजर असतो. मग तो ऐकू का येत नाही? हिरव्या पानांत बसलेला हिरवा सरडा जोवर हलत नाही तोवर दिसत नाही, तशातलाच हा प्रकार आहे. जे उपस्वर जन्मभर एकाच प्रमाणात स्थिर राहतात त्यांना कान एकजीव करून एकच नाद म्हणून गिळून टाकतो. ज्याची मात्रा इतरांपासून फुटून हलते तोच स्वतंत्र स्वर म्हणून ओळखला जातो. बुवा ज्याला जीव म्हणाले ती ही हालचाल.

ही हालचाल हाताने घडविण्याची विद्या आपल्या दाराशी आहे. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे गेले की मिरज लागते. तेथील शिकलगार घराण्यांनी, पूर्वी शस्त्रांना धार लावण्याचा व्यवसाय करणाऱ्या हातांनी, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांची कला उचलली, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस फिरवितो, तार चढवून ऐकतो, उतरवून पुन्हा फिरवितो. या कामाला मोजपट्टी नसते. आणि वापराने तारेची खाच घोडीत पडली की सारे काम पुन्हा करावे लागते. मोबाइलवरील ॲपांच्या 'शंभर टक्के अस्सल तंबोरा' या जाहिराती वाचताना हा माणूस डोळ्यांपुढे ठेवावा. त्यांतील बहुतेक ॲपे अस्सल तंबोऱ्याचे थोडेसे ध्वनिमुद्रण चक्राकार फिरवितात. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीची मुद्रांकित नक्कल असते, आणि एकदा का कानाला सांधा सापडला की तो विसरणे दुरापास्त.

छांदिष्टाला याहून प्रामाणिक असा एक मार्ग उपलब्ध आहे. केव्हिन कारप्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेली रीत इतकी सोपी आहे, की अवघी दोन किलोबाइट स्मृती असलेल्या अर्डुइनो उनोवरही ती चालते. स्मृतीत खान्यांची एक रांग मांडावी, तीत वाटेल ते अंक भरावेत, आणि रांग फिरवीत प्रत्येक अंकाच्या जागी तो व त्याचा शेजारी यांची सरासरी लिहीत जावे. स्पीकरला जोडताच छेडलेल्या तारेचा नाद येतो. सेकंदाला ८००० अंक पाठविले आणि ५७ खाने घेतले तर १३९.१ आवर्तनांचा स्वर मिळतो, ५८ घेतले तर १३६.८ चा, काळी एक या दोहोंच्या मध्ये १३८.६ वर बसलेली, आणि सव्वासत्तावन्न खाने तर करता येत नाहीत. तंबोऱ्यावर या अडचणीसाठी तारेत ओवलेला मणी असतो. प्रोग्राममध्ये अंक पाठविण्याचा वेग किंचित घटवून तेच साधावे लागते. मात्र सरासरीची ही रीत उंच उपस्वर आधी मारते, म्हणून मिळते ती तीक्ष्ण कडेवर ताणलेली तार, जवारीची नव्हे. जवारी हवी तर लहरीच्या त्या क्षणीच्या मूल्याप्रमाणे रांगेची लांबी अंशमात्र कमीजास्त करावी, म्हणजे रामन यांची घोडी आकड्यांत उतरवावी लागेल. आणि तो मामला उनोच्या ऐपतीबाहेर जाऊन थोड्या अधिक सशक्त चिपची मागणी करतो.

तोवर ५५५ वरच निर्वाह करावयाचा असेल, तर वाचकांनी निदान खरजाची तार दुरुस्त करावी. काळी एकचा खरज सुमारे ६९ आवर्तनांचा. त्यांनी वापरलेला तीन इंची स्पीकर इतका खालचा स्वर व्यवहारतः बाहेर टाकतच नाही. तरीही खरज ऐकू येतो, कारण उपस्वरांमधील ६९ चे समान अंतर पाहून मेंदू गैरहजर मूळ स्वराची हजेरी परस्पर मांडतो. चौकोनी लहरीत सम उपस्वरच नसल्याने हे अंतर १३८ होते, हजेरी संशयास्पद ठरते, आणि खरज पोकळ लागतो. उपाय असा, की लहरीचे दोन भाग समान ठेवू नयेत. ५५५ च्या सातव्या आणि सहाव्या पिनांमध्ये १८ किलोओहमचा रोध घालावा, सातवी पिन आणि पुरवठा यांच्यामध्ये १५० किलोओहम व त्याच्याशी एकसरीत ४७ चा प्रीसेट, कपॅसिटर तोच ०.१, प्रीसेट बावीसच्या आसपास आला की ६९ आवर्तने मिळतील, आणि लहर चौकोनी न राहता अरुंद खाचेची होऊन सम-विषम दोन्ही उपस्वर तीत उतरतील.