करडाचे अंग गर्भातच घडते

करडू अंगाने भरले नाही की त्याचा दोष बहुधा जन्मानंतरच्या चाऱ्याला दिला जातो. चाऱ्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु करडाच्या अंगी किती मांस धरेल याची मर्यादा बऱ्याच अंशी आईच्या पोटातच आखली जाते. मांस म्हणजे स्नायू, आणि स्नायू म्हणजे सुतासारख्या बारीक तंतूंच्या जुड्या. शेळी-मेंढीच्या पिलांत या तंतूंची संख्या जन्मापूर्वीच जवळजवळ पूर्ण होते. जन्मानंतर तंतू लांब व जाड होतात; त्यांची संख्या फारशी वाढत नाही.

एकाच पाटाचे पाणी

गर्भाचा आरंभ एका पेशीपासून होतो. तिच्यापासून झालेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रात तोच डीएनए, म्हणजे तोच आनुवंशिक मजकूर, असतो. असे असता एक पेशी कातडीची, दुसरी यकृताची आणि तिसरी स्नायूची कशी होते? पाटाचे पाणी सर्व वाफ्यांजवळून वाहते. परंतु दारे धरणारा ज्या वाफ्याचे तोंड उघडतो, तोच भिजतो. पेशीमध्ये दारे धरण्याचे हे काम काही विशिष्ट प्रथिने करतात. कोणत्या जनुकाचा मजकूर उतरवून घ्यावयाचा हे ती ठरवितात, म्हणून त्यांस प्रतिलेखन घटक असे नाव आहे.

स्नायूंच्या बाबतीत असे चार घटक मुख्य आहेत : मायो-डी, मायएफ-५, मायोजेनिन व एमआरएफ-४. डीएनएची लिपी ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांची असते. मायो-डी दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडी करते आणि ही जोडी डीएनएला चिमट्याप्रमाणे धरते. धरण्याची जागा सहा अक्षरांची असते : आरंभी सी-ए, शेवटी टी-जी, आणि मधली दोन अक्षरे बदलती. अशा जागा डीएनएवर पुष्कळ असतात; मात्र जेथे डीएनएची घडी उलगडलेली असते व इतर साहाय्यक प्रथिने जवळ असतात, तेथेच पकड फलदायी होते. मग शेजारचे जनुक जागे होऊन स्नायूची प्रथिने तयार होऊ लागतात.

प्रयोगांनी काय दाखविले

१९८७ साली अमेरिकेतील सिअॅटल येथे हॅरॉल्ड वाइनट्रॉब व त्यांचे सहकारी यांनी उंदराच्या संयोजी ऊतकाच्या पेशींत मायो-डीचे जनुक घातले. त्या पेशी स्नायूच्या पेशी बनल्या. पुढे १९९३ साली, मायो-डी व मायएफ-५ ही दोन्ही नसलेल्या उंदरांच्या पिलांत हाडांवरचे स्नायू तयारच झाले नाहीत, असे आढळले. मायोजेनिन नसता पेशींची निवड झाली, परंतु त्या एकमेकींत मिसळून पुरेसे तंतू बनले नाहीत. यावरून कामाची विभागणी स्पष्ट होते : पहिली दोन पेशी निवडतात, तर मायोजेनिन तंतू घडवून आणते.

वाढीला आवर घालणारे मायोस्टॅटिन नावाचे प्रथिनही शरीरात असते. बेल्जियन ब्लू जातीच्या गाईंत त्याचे जनुक बिघडलेले असल्याचे १९९७ साली उघड झाले. या गाईंचे मांस अतिशय वाढते. परंतु वासरू मोठे असल्याने विताना अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. तेव्हा केवळ मांस वाढविणे हे पशुपालनाचे ध्येय होऊ शकत नाही.

गाभण शेळीचे आठवडे

शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. गर्भातील बहुतेक स्नायूतंतू दुसऱ्या ते तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बनतात. याच काळात मेंढ्यांना अपुरा आहार दिला असता कोकरांच्या स्नायूंत तंतू कमी भरले, असे प्रयोगांत दिसून आले आहे. शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक वाढवावा हा प्रचलित सल्ला योग्यच आहे, कारण गर्भाचे वजन तेव्हाच झपाट्याने वाढते. परंतु तोपर्यंत शेळीला उपाशी ठेवणे हा तोट्याचा व्यवहार होय.

वसई तालुक्यातील गोखिवऱ्यासारख्या गावी या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. तुंगारेश्वराच्या डोंगराजवळील या गावाभोवती वस्ती वाढत गेली आणि चराऊ जागा आक्रसली. त्यातच मे महिन्यात गाभण राहिलेल्या शेळीचा दुसरा-तिसरा महिना नेमका आषाढ-श्रावणाच्या मुसळधार पावसात येतो. शेळी दिवसेंदिवस गोठ्यात बांधून राहते आणि पुढ्यात पडतो तो केवळ भाताचा पेंढा. अडीअडचणीला विकावयाचे करडू असे गोठ्यातच हलके होते.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. बोकड लावल्याचा दिवस भिंतीवर किंवा वहीत नोंदवावा. त्याशिवाय महिने मोजता येत नाहीत.
२. पावसाळ्यापूर्वी बांधावर शेवरी, हादगा व गिरीपुष्प लावावे. सुबाभळीचा पाला एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक देऊ नये.
३. झडीच्या दिवसांत पेंढ्यासोबत पाला व रोज २०० ग्रॅमपर्यंत पेंड-भरड्याचे आंबोण द्यावे. नवा खुराक हळूहळू वाढवावा.
४. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी टोचून घ्यावी. जंतनाशक मात्र पशुवैद्यकास विचारूनच पाजावे. काही औषधे गर्भाच्या पहिल्या महिन्यात अपायकारक ठरतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेळीपालकांच्या घरी जाताना प्रथम गाभण शेळीची दावण पाहावी. स्नायू घडविणारी प्रथिने आपले काम चोख जाणतात. त्यांना लागणारी सामग्री आईच्या आहारातूनच यावयाची असते. ती वेळेवर पोहोचविणे एवढे एकच काम शेतकऱ्याच्या हाती आहे, आणि त्याची वेळ करडू जन्मण्याच्या तीन-चार महिने आधीची आहे.