जॅकवर उचललेल्या गाडीखाली का जाऊ नये? जॅक आणि घोडी यांत नेमका फरक काय?

सुलतानपूर (जि. बुलढाणा) : मेहकरहून लोणारला जाताना सुलतानपूर लागते. अशा रस्त्यावरच्या गावांत गॅरेज, पंक्चरची दुकाने आणि दुरुस्तीला आलेले ट्रॅक्टर हे नेहमीचे चित्र आहे. जॅकवर उचललेली गाडी, खाली अंथरलेले पोते आणि बाहेर दिसणारे फक्त दोन पाय, हेही तितकेच नेहमीचे. ‘दोन मिनिटांचे तर काम आहे’ म्हणून बाजूला पडलेली घोडी, म्हणजेच जॅक स्टँड, लावली जात नाही. पण जॅक निसटायला दोन मिनिटे लागत नाहीत. एक क्षण पुरतो.

जॅक भार पेलतो, मग धोका कसला?

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचलून धरण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडीचे वजन तेलाच्या दाबावर उभे असते. साधा हिशेब करू. सुमारे ८५० किलोच्या छोट्या कारचा पुढचा भाग उचलला, तर इंजिन पुढे असल्याने जॅकवर साधारण ५०० किलो भार येतो. जॅकच्या दट्ट्याचा व्यास ३ सेंटीमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ होते सुमारे ७ चौरस सेंटीमीटर. म्हणजे तेलावरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ७० किलोच्या आसपास. कारच्या टायरमधल्या हवेपेक्षा हा दाब सुमारे ३० पट अधिक आहे.

एवढा दाब अडवून धरतात ते एक रबरी सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. सील जुने झाले, तेलात कचरा गेला किंवा रिलीज व्हॉल्व्ह किंचित ढिला राहिला, की जॅक बसू लागतो. कधी हळूहळू, कधी एकदम.

गाडीसोबत मिळणारा स्क्रूचा जॅक तेलावर चालत नाही. पण त्याचा तळ अरुंद असतो. तो फक्त स्टेपनी बदलण्यासाठी दिलेला असतो आणि त्यावर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, असे गाडीच्या पुस्तिकेतच लिहिलेले असते.

घोडी वेगळी कशी?

घोडीत तेल नाही, सील नाही, दाबही नाही. गाडीचे वजन थेट लोखंडातून जमिनीवर उतरते. तळ रुंद असल्याने ती सहज कलंडत नाही. घोडी दोन प्रकारची मिळते. एकीत दातेरी दांडी आणि तिला अडवणारा खटका असतो, दुसरीत भोकांमधून आरपार पिन घालतात. पिनची घोडी उंची बदलायला थोडी कटकटीची, पण पिन बसली की नाही हे डोळ्यांना दिसते. गावातल्या वेल्डरकडून घोडी बनवून घेतली असेल, तर पिनऐवजी हाताला लागेल ती सळई घालू नये. सळई वाकली की घोडीचा अर्थच उरत नाही.

मग घोडीवर डोळे झाकून भरवसा ठेवायचा का?

नाही. अमेरिकेत २०२० मध्ये हार्बर फ्रेट या कंपनीने पिट्सबर्ग ब्रँडच्या ३ आणि ६ टनी घोड्या बाजारातून परत मागवल्या. उत्पादनाची साधने झिजल्याने खटका दात्यांत पुरेसा खोल बसत नव्हता आणि भार हलला तर घोडी अचानक खाली बसण्याचा धोका होता. त्याच वर्षी कंपनीने बदली म्हणून दिलेल्या काही ३ टनी घोड्याही वेल्डिंगमधल्या दोषामुळे परत घ्याव्या लागल्या.

म्हणून नवी असो वा जुनी, घोडी लावण्यापूर्वी वेल्डिंगला तडा आहे का, पाय वाकले आहेत का आणि खटका पूर्ण बसतो का, हे पाहावे. लेबलवरची क्षमता एका घोडीची आहे की जोडीची, हेही वाचावे.

काळ्या मातीचा काय संबंध?

मोठा संबंध आहे. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते, मऊ पडते आणि उन्हात तडकते. घोडीचे पाय तीत रुततात, तेही सारखे नाही, म्हणून गाडी एका बाजूला झुकते. उन्हाळ्यात डांबरही मऊ होते.

ट्रॉली जॅकची आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. त्याचा हात वर जाताना सरळ नाही, कमानीत जातो. त्यामुळे गाडी वर जाताना जॅकची चाके थोडी सरकावी लागतात. मातीत ती अडकली, तर जॅक गाडीला आडवा ओढतो आणि निसटतो. म्हणून काम काँक्रीटवर करावे. ते शक्य नसेल, तर जॅकखाली जाड लोखंडी पत्रा आणि घोडीखाली जाड फळी किंवा पत्रा घालावा.

वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक कधीही वापरू नये. लाकूड चेपण्याआधी करकरते, वीट सूचना न देता फुटते.

हँडब्रेक ओढला, तेवढे पुरे नाही का?

बहुतेक कारमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की तीच चाके हवेत, म्हणजे हँडब्रेक निरुपयोगी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कारची पुढची बाजू उचलली, तर गिअरचा उपयोग नाही. म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणे आवश्यक आहे.

काम कोणत्या क्रमाने करावे?

• सपाट, कडक जागा निवडा आणि ठोकळे लावा.
• घट्ट नट-बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. वर गेल्यावर पान्याला दिलेला झटका गाडी हलवतो.
• जॅक आणि घोडी पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा, पातळ पत्र्याखाली नको.
• दोन्ही घोड्या एकाच उंचीवर लावून गाडी हळूच त्यांवर उतरवा.
• खाली जाण्यापूर्वी बाजूने हाताने जोरात हलवून पाहा. पडायचीच असेल, तर तुम्ही बाहेर असताना पडू द्या.
• जॅक अलगद टेकवून ठेवा. काढलेले चाक किंवा स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवा. घोडी निसटलीच, तर तेवढी जागा जीव वाचवू शकते.

ट्रॉली आणि रोटाव्हेटरलाही हाच नियम?

हो. वर केलेली टिपिंग ट्रॉली आणि ट्रॅक्टरने उचललेला रोटाव्हेटर हेही तेलाच्याच दाबावर उभे असतात. पाइप फुटला किंवा कोणाचा हात लिव्हरला लागला, तर ते खाली येतात. रोटाव्हेटरमध्ये अडकलेले गवत काढताना तो जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे. खालूनच काम करायचे असेल, तर मजबूत टेकू हवाच.

कोणी गाडीखाली अडकले तर?

छातीवर भार आला की बरगड्या हलत नाहीत आणि श्वास थांबतो. हातात मोजकी मिनिटे असतात. माणसाला ओढू नका, आधी दुसऱ्या जॅकने गाडी उचला आणि लगेच टेकू द्या. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ किंवा ११२ वर फोन करावा. गाडीखाली काम करताना हाकेच्या अंतरावर कोणीतरी असायला हवे, ते यासाठीच.

दोन-चार माणसांच्या गॅरेजमध्ये हे सारे तपासायला सहसा कोणी निरीक्षक येत नाही. तिथे घोडी लावायची की नाही, हे मालकच ठरवतो आणि अनेकदा खाली जाणारा असतो नुकताच कामाला लागलेला पोरगा. घोडी लावल्याशिवाय त्याला खाली पाठवायचे नाही, एवढे ठरवणे कोणत्याही मालकाच्या हातात आहे.