दीड सुताचा बोल्ट

सकाळी ८
शटर वर केलं, घमेल्यात पाणी भरलं. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून हे आठ दिवस अमरावतीत सायकलवाल्याला पाणी प्यायलाही फुरसत नसते. दहापर्यंत नुसते पंक्चर.

१०.१५
कॉलेजातला एक पोरगा गिअरची सायकल ढकलत आला.
"काका, रविवारी अकोल्याले जाऊन राह्यलो. कॅरिअरच बसून नाही राह्यलं."
मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमला कॅरिअरसाठी आट्यांचं बारीक छिद्र असतं. त्यात बोल्ट तिरपा, निम्मा आत.
"पान्यानं पिळला काय बे?"
"थोडासाच."
बोल्ट काढून व्हर्निअरला लावला. ४.७६ मिलिमीटर. म्हणजे दीड सूत. दुकानदारानं 'पाचचाच हाय' म्हणून दिलेला. फरक पाव मिलिमीटरचाही नाही, डोळ्याला कळत नाही. पण दीड सुतीला इंचात २४ आटे, पाचच्या बोल्टला जवळजवळ ३२. दोन फेरे गोडीनं जातो, मग अडतो. तिथं माणूस पाना घेतो अन् फ्रेमचे आटे खातो.
अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं, गिनीजमध्ये नोंद झाली. रस्ता विश्वविक्रमी, बोल्ट दीड सुती!

११
चाक उतरवलं. बाहेरचे तीन आटे गेलेले, चाकाकडचे शाबूत. आटे पाडायचा टॅप बाहेरून लावला तर तो तिरप्या वाटेनंच जाईल. म्हणून आतून, चांगल्या आट्यांवरून शिरवला. तेलाचे दोन थेंब. हँडल न लावता आधी बोटांनीच. टॅप स्वतःहून वाट धरतो तेव्हा चिमटीत कळतं. मग हँडल: अर्धा फेरा पुढं, पाव मागं. मागं फिरवताना कीस तुटतो, 'कट्' असं बारीक लागतं. ते लागलं नाही की थांबायचं. मोडलेला टॅप काढण्यापरीस नवी फ्रेम घेणं परवडतं.
आटे उरलेच नसते, तर ५ चं ड्रिल मारून ६ चे पाडले असते. पण कडेला लोखंड पुरेसं हवं. इथं तशी पाळी आली नाही. नवा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला.
"साठ रुपये."
"पाच मिनटाचं तं काम होतं, काका!"
पन्नास दिले.

दुपारी २
चून-भाकर. मधेच एकजण डावं पॅडल सुलट्या बाजूनं सोडवत बसलेला. त्याचे आटे उलटे असतात, हे मी वर्षातून शंभरदा सांगतो.

संध्याकाळी ७
पोरगा परत. जास्तीचे म्हणून चार बोल्ट घेऊन आला, त्याच दुकानातून. भिंतीवर सुतळीला दोन नट टांगलेत, एक पाचचा, एक दीड सुती. म्हटलं, पाचच्या नटात घालून पाहा. तीन सरळ गेले. चौथा दोन फेऱ्यांवर अडला, अन् पोराचा हात सवयीनं पान्याकडं गेला.