रंगापूर्वीचे धुणे

विमाने, जहाजे, रणगाडे किंवा मोटारी यांच्या लहान प्रमाणातील प्रतिकृती जोडण्याचा छंद आज जगाच्या पुष्कळ भागांत रुजलेला आहे. पुठ्ठ्याच्या पेटीतून येणारे प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवावयाचे, सांधे घासून एकजीव करावयाचे आणि अखेरीस त्यांवर रंग चढवावयाचा, असे या छंदाचे सर्वसाधारण स्वरूप असते. एका प्रतिकृतीसाठी दोन-तीन महिन्यांच्या सायंकाळी सहज खर्ची पडतात. इतके श्रम झाल्यावर, दुसऱ्या रंगाची कड नेमकी यावी म्हणून लावलेली मास्किंग टेप उचलताना तिच्याबरोबर खालचा रंगही सालपटासारखा निघून यावा आणि आतील प्लॅस्टिक उघडे पडावे, हा अनुभव या छंदातील अनेकांना येतो.

त्यावर सर्वप्रथम सुचवला जाणारा उपाय म्हणजे, भाग जोडण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने धुवून घ्यावेत. काही उत्पादकांच्या सूचनापत्रकांतही तशी सूचना असते. उलटपक्षी, वर्षानुवर्षे एकही भाग न धुता उत्तम प्रतिकृती तयार करणारे कसबी लोकही आहेत. दोन्ही बाजूंना अनुभवाचा आधार असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे योग्य होणार नाही. मात्र रंग प्लॅस्टिकला कसा धरून राहतो हे समजून घेतले, तर काय, केव्हा आणि कशाने धुवावे याचा निर्णय प्रत्येकाला स्वतःच करता येतो.

तेल येते कोठून?

प्रतिकृतींचे बहुतेक भाग पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात. इंग्लंडमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने निघालेले प्लॅस्टिक विमानांचे संच सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे होते. पण ते द्रव्य कालांतराने वाकडेतिकडे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीनने त्याची जागा घेतली. निकोलस कोव्ह यांनी १९३९ साली स्थापन केलेली एअरफिक्स ही कंपनी पूर्वी कंगवे बनवीत असे. तिने १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा आणि १९५३ साली ‘स्पिटफायर’ या लढाऊ विमानाचा संच बाजारात आणला. कंगवा आणि विमान यांच्यात दिसावयास काहीच साम्य नसले, तरी दोन्ही वस्तू इंजेक्शन मोल्डिंग या एकाच पद्धतीने तयार होत.

या पद्धतीत सुमारे दोनशे अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला वितळवलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्यात सोडतात. ते थंड होऊन घट्ट झाले की साच्याचे दोन अर्धे विलग होतात आणि आतील लहान दांडे तयार भागांना बाहेर ढकलतात. (तयार भागांच्या आतल्या बाजूस दिसणारे वाटोळे ठसे या दांड्यांचेच असतात.) थंड होताना पॉलिस्टायरीन अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसते आणि साच्यातील उंचवट्यांना घट्ट बिलगते. ते सहज सुटावे म्हणून काही वेळा साच्याच्या आतून निसरडेपणा आणणाऱ्या द्रव्याचा पातळ फवारा मारतात. हे द्रव्य सिलिकोनयुक्त, मेणासारखे किंवा तेलकट असू शकते. सोयीसाठी त्यास आपण साच्याचे तेल म्हणू. त्याचाच अंश भागांबरोबर बाहेर येतो, असे धुण्याचा आग्रह धरणारे सांगतात.

त्यांचे म्हणणे निराधार नाही. परंतु सर्व संचांना ते सारखेच लागू पडत नाही. आधुनिक पोलादी साचे आरशासारखे घासलेले असतात आणि त्यांच्या भिंतींना किंचित उतार दिलेला असतो. त्यामुळे पुष्कळदा तेलाची गरज भासत नाही किंवा अगदी थोडे तेल पुरते. याउलट, थोड्याच प्रती काढण्यासाठी केलेल्या साध्या साच्यांतून भाग सोडवताना तेलाचा वापर अधिक होतो. त्याखेरीज साच्याच्या सरकत्या दांड्यांना लावलेल्या वंगणाचा एखादा डाग भागावर उमटू शकतो. तात्पर्य, एका पेटीतील भाग कोरडे स्वच्छ, तर दुसऱ्या पेटीतील भाग हाताला बुळबुळीत लागणारे, असे घडणे स्वाभाविक आहे. न धुणाऱ्यांचे यश आणि धुणाऱ्यांची तक्रार या दोहोंचे कारण काही अंशी येथेच सापडते.

रंग का धरतो?

तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करताना पाहिलेल्या वाचकांना कल्हईवाल्याची रीत आठवत असेल. तो प्रथम भांडे घासून लख्ख करतो, मग ते तापवून नवसागर फिरवतो आणि त्यानंतरच कथील लावतो. जेथे मळ किंवा चिकटा राहतो, तेथे कथील धरत नाही. रंगाच्या बाबतीतील रसायन वेगळे असले, तरी अडचण त्याच जातीची आहे. कोणताही थर खालच्या वस्तूला नव्हे, तर तिच्या सर्वांत वरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांना चिकटत असतो. तेथे तेल असेल, तर रंग तेलाला चिकटतो. आणि तेल स्वतः प्लॅस्टिकला घट्ट धरून नसते.

द्रव पसरतो की थेंबाथेंबाने गोळा होतो, हे त्याच्या पृष्ठताणावर व खालच्या घन पृष्ठाच्या ओढीवर अवलंबून असते. स्थूलमानाने असे म्हणता येईल, की द्रवाचा पृष्ठताण घन पृष्ठाच्या मानाने कमी असेल, तरच तो नीट पसरतो. सामान्य तापमानाला पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. पॉलिस्टायरीनची या मापातील पातळी सुमारे ३३ आहे, तर सिलिकोन तेलाची सुमारे २१. म्हणजे पॉलिस्टायरीन हे मुळातच रंगाला फारसे अनुकूल पृष्ठ नव्हे. त्यावर सिलिकोनचा थर असला, तर ते आणखी प्रतिकूल होते. असा रंग ओला असतानाच जागोजाग मागे सरकतो व बारीक गोल खळगे पडतात. किंवा वरून चांगला दिसूनही वाळल्यावर सहज सुटतो.

अत्यल्प तेलही पृष्ठभागाची वर्तणूक किती बदलू शकते, हे एका घरगुती संशोधनातून प्रथम ठळकपणे पुढे आले. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या आग्नेस पॉकेल्स यांना विद्यापीठीय शिक्षणाची संधी मिळाली नव्हती. आपल्या स्वयंपाकघरातच त्यांनी साध्या साधनांनी पाण्याच्या पृष्ठावरील तेलकट थरांचे मोजमाप केले आणि आपले निष्कर्ष लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवले. रॅले यांच्या शिफारशीने ते पत्र १८९१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केवळ एका रेणूच्या जाडीचा थरही पृष्ठताण बदलतो, ही गोष्ट पुढे या मार्गाने झालेल्या संशोधनातून सिद्ध झाली. म्हणून भाग ‘स्वच्छ दिसतो’ एवढ्यावरून तो रंगास योग्य आहे असे ठरत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. धातूचा पत्रा स्वच्छ झाला की नाही हे पाहण्यासाठी त्यावर पाणी ओततात. पाण्याचा सलग पापुद्रा टिकला तर पत्रा स्वच्छ समजतात. हीच कसोटी काही जण प्लॅस्टिकला लावतात. परंतु वर दिलेल्या आकड्यांवरून लक्षात येईल, की पूर्णपणे स्वच्छ पॉलिस्टायरीनवरही पाण्याचे थेंबच होतात. तेव्हा थेंब दिसले म्हणून तेल राहिले असे मानून भाग पुनःपुन्हा धूत बसणे व्यर्थ आहे.

गोंद आणि रंग यांतील भेद

पॉलिस्टायरीनसाठी वापरला जाणारा नेहमीचा गोंद हा खऱ्या अर्थाने विद्रावक असतो. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो, दोहोंकडील लांब रेणूंच्या साखळ्या परस्परांत गुंततात आणि विद्रावक उडून गेल्यावर सांधा जणू एकाच तुकड्याचा होतो. तेलाचा पातळ थर या क्रियेला सहसा अडवू शकत नाही. त्यामुळे केवळ चिकटवण्यासाठी म्हणून भाग आधी धुण्याची निकड बेताचीच असते.

रंगांतही प्रकार आहेत. लॅकर जातीच्या रंगांतील विद्रावक तेलाला सामावून घेतात आणि प्लॅस्टिकच्या पृष्ठात किंचित शिरतात. टर्पेंटाइनसारख्या विद्रावकाने पातळ होणारे एनॅमल रंग तितके आत शिरत नसले, तरी थोडेफार तेल सहन करतात. पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगांना मात्र यांपैकी काहीच साधत नाही. ते प्लॅस्टिकला विरघळवत नाहीत आणि तेलापासून दूर पळतात. घरात उग्र वास नको म्हणून असे रंग वापरणाऱ्यांची संख्या वाढली, तसे धुण्याचे महत्त्वही वाढले. वीस वर्षे एनॅमल वापरणाऱ्याचा अनुभव अ‍ॅक्रिलिक वापरणाऱ्या नवशिक्याला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही, तो यामुळेच.

खरा अपराधी हात

आता या प्रश्नाच्या सर्वांत दुर्लक्षित बाजूकडे वळू. समजा, पेटी उघडताच सर्व भाग काटेकोरपणे धुतले. त्यानंतर काही आठवडे तेच भाग कापले, घासले, दाबून धरले आणि पुनःपुन्हा हाताळले जातात. तळहाताला घामाच्या ग्रंथी विपुल असतात. तेलाच्या ग्रंथी तेथे नसल्या, तरी चेहरा व केस यांना होणाऱ्या नित्य स्पर्शामुळे बोटांवर तेल येतच असते. त्याखेरीज पॉलिश कागदाची भुकटी आणि सांधे भरण्याच्या लांबीचा चुरा भेगांत साठतो. रंगाची वेळ येईपर्यंत पहिल्या धुण्याचा लाभ बव्हंशी संपलेला असतो.

म्हणून सर्वसाधारण नियम असा सांगता येईल, की एकदाच धुवावयाचे असेल, तर ते जोडणीपूर्वी नव्हे, तर जोडणी संपल्यावर आणि रंगाच्या अगदी आधी धुवावे. पहिले धुणे साच्याचे तेल काढते. अखेरचे धुणे ते तेल, हाताचा चिकटा आणि भुकटी या तिन्ही गोष्टी काढते. या नियमाला तीन अपवाद आहेत. भाग हाताला तेलकट लागत असतील किंवा संच थोड्या प्रतींच्या साच्यातील असेल, तर जोडणीपूर्वीही धुवावे. जे भाग जोडणीपूर्वीच रंगवावे लागतात, उदाहरणार्थ विमानाच्या चालक-कक्षाचे आतील भाग, ते साहजिकच आधी धुतले पाहिजेत. तिसरा अपवाद रेझिनच्या भागांचा होय. हे भाग रबरी साच्यात ओतून केलेले असतात, साच्याचे आयुष्य वाढावे म्हणून तेथे तेलाचा सढळ वापर होतो आणि ते जोडण्यास लागणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद पृष्ठाला विरघळवत नाही. तेव्हा रेझिनचे भाग न धुता जोडणे हा धोकाच आहे.

धुण्याची रीत

रीत साधी आहे. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब टाकावेत. हात मऊ ठेवणारी द्रव्ये मिसळलेला साबण टाळावा. कारण ती द्रव्ये स्वतःच थर सोडतात. पाणी कढत नसावे. पॉलिस्टायरीन सुमारे शंभर अंशांना मऊ पडते, पण पातळ भाग त्याआधीच वाकू शकतात, आणि रेझिन तर याहूनही कमी तापमानाला वाकते. सुटे भाग चौकटीला जोडलेले असतानाच परातीत धुवावेत, नळाखाली नव्हे. आणि पाणी ओतून देताना खाली गाळणी धरावी. मोरीतून वाहून गेलेला नखाएवढा भाग पुन्हा मिळत नाही. मऊ दातघाशीने खाचाखोचा हलकेच घासून दोन वेळा स्वच्छ पाण्याने विसळावे, कारण उरलेला साबण हाही मळच होय. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जड असेल, तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. अशा ठिकाणी शेवटचे विसळणे ऊर्ध्वपातित पाण्याने करावे.

भाग फडक्याने खसाखसा पुसू नयेत. कोरड्या घर्षणाने पॉलिस्टायरीनवर विजेचा भार निर्माण होतो आणि हवेतील धूळ त्याकडे ओढली जाते. जाळीवर ठेवून ते आपोआप वाळू द्यावेत. पावसाळ्यात यास रात्रभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. जोडलेल्या पोकळ प्रतिकृतीत पाणी शिरण्याची भीती असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ती पुसावी. पारदर्शक भागांना मात्र साबणाचे पाणीच बरे, कारण अल्कोहोलने त्यांत बारीक तडे जाण्याचा संभव असतो. अ‍ॅसिटोन किंवा लॅकरचे थिनर वापरल्यास पॉलिस्टायरीनच विरघळते. धुतल्यानंतर प्रतिकृती कडेने किंवा हातमोजे घालून धरावी आणि प्रथम अस्तराचा रंग, म्हणजे प्रायमर, द्यावा. प्रायमर पृष्ठाला चांगला धरतो आणि पुढील रंगांना आधार देतो. परंतु तेलावर दिलेला प्रायमरही तेलाबरोबरच निघतो, हे विसरता कामा नये.

हे सर्व कोणाच्या शब्दावर विसंबून मानण्याचे कारण नाही. भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, ती चौकट आपण एरवी फेकून देतो. ती भागांसोबत त्याच साच्यात, त्याच प्लॅस्टिकची तयार झालेली असते. तिचा एक तुकडा धुवावा, एक तसाच ठेवावा आणि दोहोंवर आपल्या नेहमीच्या रंगाचा सारखा थर द्यावा. दोन दिवस वाळू दिल्यावर दोन्हींवर टेप दाबून बसवावी आणि ओढून पाहावी. रंग दोहोंवरही टिकला, तर त्या संचाचे भाग जोडणीपूर्वी धुण्याचे श्रम वाचले. हाताळणीनंतरचे, अखेरचे धुणे मात्र तरीही करावे. न धुतलेल्या तुकड्यावरचा रंग उखडला, तर महिनाभराचे काम धोक्यात घालण्यापूर्वीच उत्तर हाती आले. आणि धुतलेल्या तुकड्यावरचा रंगही उखडला, तर दोष साच्याच्या तेलात नसून रंगाच्या निवडीत किंवा तो देण्याच्या पद्धतीत शोधावयास हवा.